मान-पाठीचा क्लेम नाकारला तर

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) युनियनचं काम करताना ठरलेला सवाल कानावर येतो: ‘पडला नाहीस, मग इजा कसली?’

आधी पगाराची स्लिप बघा. ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर दावा तिथेच. ईएसआय आणि मालक, दोन्हीकडून भरपाई मिळत नाही. ईएसआय कापला जात नसेल तर 1923चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, आणि 21 नोव्हेंबर 2025पासून सामाजिक सुरक्षा संहिता. इजा कधीची, हे वकिलाला नीट सांगा.

खरी गोची अशी, की झिजलेला मणका व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नाही. त्यामुळे कामाशी नातं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. एमआरआयवर ‘डीजनरेटिव्ह’ (म्हणजे झीज) दिसलं रे दिसलं, की कंपनीचा डॉक्टर वयावर ढकलणार. म्हणून स्वतःच्या डॉक्टरला नुसतं ‘पाठ दुखते’ म्हणू नका. पन्नास किलोची गोणी, पॅलेटवरून खांद्यावर, तिथून वळून ट्रकमध्ये, एका पाळीत किती वेळा: सगळं केसपेपरवर लिहून घ्या. मानेतली कळ हातात उतरली तो दिवस आणि तेव्हाचं ओझं वेगळं टिपा. दाव्याचा जीव त्या नोंदीत असतो.

सुपरवायझरला तोंडी सांगणं म्हणजे न सांगणंच. लेखी नोटीस द्या, पोच घ्या. सही टाळली तर स्पीड पोस्ट. मालकाने फुकट तपासणी देऊ केली तर जरूर जा, नकार दिलात तर हक्क थांबतो. रिपोर्टची प्रत मात्र मागा. 1923च्या कायद्यात दाव्याला मुदत 2 वर्षं, आणि थकलेल्या भरपाईवर 12 टक्के व्याज मागता येतं.