प्रकल्पाचा निधी संपल्यावर खाडीच्या नोंदी कशा चालू ठेवाव्यात

संशोधन आणि विकासावर भारताने २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. त्याच्या दहा वर्षे आधी हे प्रमाण अधिक होते. रत्नागिरी किंवा मालवणच्या महाविद्यालयात या घसरणीची झळ लागते ती प्रकल्प संपून सहायक घरी जातो आणि खाडीची नोंदवही कोरी पडते तेव्हा. उपकरण पुढे केव्हाही घेता येईल. हातचा गेलेला पावसाळा पुन्हा मोजता येत नाही. म्हणून निधी आटताच आधी नोंदी वाचवाव्यात.

बाहेरच्या प्रयोगशाळेत पैसे भरून करून घ्याव्या लागणाऱ्या तपासण्या थांबवाव्यात, क्षारता (पाण्याचा खारटपणा) आणि तापमान मात्र सोडू नये. ठिकाणे दोनच ठेवावीत, एक मुखाशी आणि एक वरच्या अंगाला, आणि ती पुन्हा बदलू नयेत.

क्षारतेसाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारे उपकरण, पुरतो. काचेवर आधी ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन थेंब टाकून रेषा शून्यावर आणावी, काच पुसावी, मग खाडीचे पाणी टाकून झाकण बुडबुडा न राहील असे मिटावे आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेषा वाचावी. समुद्राचे पाणी दर हजारी ३५ च्या आसपास दाखवते. पावसाळ्यात वरच्या अंगाला तेच किती खाली येते, हे पाहण्यासाठीच तर नोंद ठेवायची.

खरी चूक होते ती वेळेत. दर सोमवारी सकाळी दहाला पाणी घेतल्यास कधी भरतीचे मिळते, कधी ओहोटीचे, आणि त्या आकड्यांची तुलनाच होत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब किनाऱ्यावर जुना आहे. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला, भरतीच्या कोष्टकातली नेमकी वेळ पाहून, पूर्ण भरतीलाच नमुना घ्यावा.

हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला जोडावे, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जाण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाच्या मुलांसोबत निदान चार नमुने घ्यावेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

जुने अनुदान कसे खर्च झाले हे दाखवणारे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सरकारी अर्ज-नमुना १२-अ, मार्च संपताच पाठवावे, कारण ते अडले की पुढचा हप्ताही अडतो. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या, संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे नवा प्रस्ताव पाठवताना या नोंदींचा आलेख पहिल्याच पानावर द्यावा, आणि खंड पडलेले महिने त्यात रिकामेच दाखवावेत.