कोकणातल्या धबधब्यावर जायचं तर पाऊस ओसरल्यावर

धबधबा बघायचा तर भर पावसातच, असा सगळ्यांचा समज. खरं तर तीन-चार दिवस झोडपून पाऊस जरा दम घेतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी निघावं. वरून पडणाऱ्या पाण्याचा जोर तेव्हा टिकून असतो, वहाळ, म्हणजे ओढे, मात्र उतरलेले असतात आणि पाय कुठे टाकतोय ते दिसतं. जुलैत अशी उघडीप नशिबानेच मिळते. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ती वरचेवर मिळू लागते, आणि सप्टेंबर सरताना तर धबधबाही असतो नि सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, फुलंही.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघा, पण तो फक्त तुमच्या जिल्ह्याचा बघून भागत नाही. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरतात आणि थोड्याच अंतरात खाडीला मिळतात. म्हणून सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर ऑरेंज इशारा असेल, तर खाली कितीही ऊन पडलेलं असो, रानातला बेत रद्द करा. वर कोसळलेला पाऊस खालच्या कोंडीत, म्हणजे धबधब्याखालच्या डोहात, यायला कधी अर्धा तासही लागत नाही. त्याच वेळी खाली माणसं अंघोळ करत असतात, आणि त्यांच्या डोक्यावर ढगही नसतो.

सकाळी वाडीत पोचलात की पहिल्या अंगणात थांबून विचारा. मालवणी मुलखात ‘काकानु, वयर पावस कसो आसा?’ एवढं पुरतं. रात्री वर काय पडलं, कुठला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) वाहून गेला, कुठली पायवाट दरडीखाली गेली, हे त्यांना ठाऊक असतं. मोबाइलमधल्या नकाशाला नसतं. वाटाड्या घेणार असाल तर पैशांचं आधी ठरवा. लावणीच्या दिवसांत मोकळा माणूस मिळणं कठीण, म्हणून दोन दिवस आधी निरोप धाडा. शेताच्या बांधावरून चालू नका. भिजलेला बांध पायाखाली खचतो आणि खाचरातलं पाणी फुटून जातं. वाट देवराईतून जात असेल तर तिथलं पानही तोडायचं नाही.

पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. बंदीच्या ठिकाणी मागच्या वाटेने जाण्यात काही मर्दुमकी नाही. अडकलात तर शोधायला गावातलीच पोरं दोर घेऊन उतरतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सोप्यापासून सुरुवात करावी. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्यालाच लागून आहे, चिपळूणजवळचा सवतसडा महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. मार्लेश्वरला पायऱ्या आहेत. वैभववाडीतला नापणे बारमाही, त्यामुळे पावसाळा संपल्यावरही जाता येतं. भिऱ्याजवळचा देवकुंड मात्र वेगळ्या जातीचा: रानातून दोन-अडीच तासांची चाल आणि वाटेत ओढे. तिथे सवय झाल्यावरच, आणि बंदी उठल्यावरच जावं.

सामानात सगळ्यात महत्त्वाचे बूट. खोल खाचांचा मऊ रबरी तळवा हवा. कडक तळव्याचे चामडी बूट पाण्याने भरून जड होतात, आणि चपला चिखलात रुतून पट्टा तुटतो. जीन्स घालू नका. भिजली की गुडघा वाकत नाही आणि वाळायला दोन दिवस घेते. दोन लिटर पाणी घ्याच, कारण पावसात तहान कळत नाही, घाम मात्र तेवढाच येतो. वहाळाचं पाणी नितळ दिसलं तरी वर गुरं चरत असतात, तेव्हा उकळल्याशिवाय पिऊ नका. बाकी चिक्की किंवा भाकरी-चटणी, शिट्टी, विजेरी, कोरडे कपडे दुहेरी प्लास्टिक पिशवीत, आणि प्रत्येकाच्या हातात छातीपर्यंत येणारी काठी. छत्री गावातच ठेवा. रानात एक हात अडकवते आणि वाऱ्यात उलटते.

वेळेचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो. डांबरी रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस चिखलाच्या चढावर दोन चालतो. सकाळी सातला पाय उचला. दुपारी दोन वाजले की धबधबा समोर दिसत असला तरी मागे फिरा. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो खरा, पण ढगाळ दिवशी झाडीत सहालाच अंधारतं.

कातळ कातळातही फरक आहे. जांभा खरबरीत, ओला असला तरी पाय धरतो, पण त्याच्या भोकांत पाऊल मुरगळतं. काळा कातळ गुळगुळीत, आणि जिथे पाण्याची पातळ चादर सतत झिरपते तिथे त्यावर बुळबुळीत थर धरतो. हिरवं शेवाळ निदान दिसतं. काळपट थर दिसत नाही, म्हणून जास्त माणसं त्यावरच पडतात. आधी काठी टेकवा, मग पूर्ण पाऊल सपाट ठेवा. उतरताना टाच आधी टाकली की घसरलातच.

ओढा ओलांडणं हा सगळ्या वाटेतला सर्वांत धोक्याचा भाग. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरू नका. गुडघ्याखाली असेल तरी वाळकी काटकी टाकून बघा. भरभर चालूनही तिला गाठता येत नसेल तर पाण्याला ओढ जास्त आहे. ओलांडायची जागा रुंद आणि उथळ निवडा. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असतं. खालच्या अंगाला कडा किंवा पडलेलं झाड असेल तिथे तर मुळीच नको, कारण झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं आणि माणूस अडकतो. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, बूट पायातच ठेवा, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करा आणि काठी पुढे रोवून एका वेळी एकच पाय सरकवा. दोराचा मोह टाळा. कमरेला दोर बांधलेला माणूस वाहिला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

पाणी चढतंय हे चार खुणांवरून कळतं: नितळ पाणी तांबूस होतं, काटक्या-पानं वाहत येतात, आवाज जड होतो, मातीचा वास येतो. यांतली एक जरी दिसली तरी सामान सोडून वरच्या काठाला चढा. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेच्या एका दगडावर खूण धरून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. ओढा फुगून परतीची वाट तुटली तर अलीकडेच बसून राहा. पाऊस थांबला की छोटे ओढे काही तासांत उतरतात.

धारेच्या थेट खाली उभं राहू नका. पाण्याबरोबर दगडही येतात. कोंडीतलं पांढरं फेसाळ पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दगा देतं. त्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे अंग नीट तरंगत नाही, आणि पृष्ठभागावरचं पाणी माणसाला परत धारेकडेच ओढतं. पाय बुडवायचे तर कोंडीच्या शेवटी, पाणी शांत होतं तिथे.

जळवा आंबोलीकडे भरपूर. मोज्यात मिठाचं पाणी किंवा तंबाखू लावतात, थोडा फरक पडतो. चिकटलेली जळू ओढू नका, नखाने तोंडाकडून सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. दाबून धरलं की थांबतं. फुरसं हा विषारी साप मात्र गंभीर. सड्यावर सुट्या दगडाखाली हात घालू नका. चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. अंगठी-पैंजण काढा, माणसाला चालवू नका, झोळी करून रस्त्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. दंश बारीक दिसला तरी दवाखाना टाळू नये. रक्तस्राव नंतर सुरू होतो.

ऑक्टोबरात वहाळ भरवशाचे होतात, पण परतीच्या पावसाची वीज दुपारनंतर सड्यावर कोसळते. उघड्या सड्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता, म्हणून बारापर्यंत खाली उतरलेलं बरं.

घरी आल्यावर पायाच्या जखमा साबणाने धुवा. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर चिखलपाण्यात चालून आल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यांना त्यावरूनच येते.