फॅटी लिव्हर: रिपोर्ट कपाटात टाकण्याआधी या चुका टाळा

मामांची सोनोग्राफी झाली ती पित्ताशयात खडे असतील या शंकेने. खडे निघाले नाहीत, घरात सगळे खूश. रिपोर्टच्या शेवटी 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं लिहिलं होतं. "हे काय, हल्ली सगळ्यांनाच असतं," म्हणत मामांनी फाईल कपाटात टाकली, ती तीन वर्षं तिथेच पडून होती. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात चरबी साठणं, आणि सोनोग्राफीतली ग्रेड त्या चरबीचा अंदाज देते. यकृतात व्रण धरून ते कडक व्हायला लागलंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, ते त्यात कळत नाही आणि पुढचा धोका ठरतो तो त्यावरच. रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम, एसजीओटी हे दुसरं) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका. व्रण असतानाही ते नॉर्मल येऊ शकतं.

मग बघायचं काय? हातातल्याच रक्ताच्या रिपोर्टवरून 'फिब-४' हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेटच्या हजारातल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. मामांचं वय ५२, एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे हजारात १६०. म्हणजे ३०१६ भागिले १२८०, उत्तर साधारण २.३६. १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. मामा त्याच्या बरेच वर होते, म्हणून डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, सांगितला. सोनोग्राफीतली ग्रेड मात्र अजूनही १ च! नुकताच डेंग्यू झाला असेल तर थांबा, प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि हिशेब चुकतो. पस्तिशीच्या आतल्यांसाठीही हा आकडा फारसा भरवशाचा नाही.

"मी तर दारूला शिवत नाही," हे वाक्य बायकांकडून आणि माळकऱ्यांकडून हमखास ऐकायला मिळतं. दारूशिवायही हा आजार होतो. मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि पोटाचा घेर ही त्यामागची मोठी कारणं. वजनकाट्यापेक्षा टेप घ्या: आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की सावध व्हायचं. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, अशांनी तर जास्तच.

खाण्यातली नेहमीची गफलत म्हणजे तेल-तूप बंद करायचं आणि साखर तशीच ठेवायची. जादा साखरेची चरबी यकृत स्वतःच बनवतं. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, बिस्किटं वेगळीच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी दोन वेळा खाल्ली तर तो उपवास यकृताच्या काही कामाचा नाही. फळ चावून खा, रस काढू नका.

दुसऱ्या टोकाला जाऊन पंधरा दिवस लिंबूपाण्यावरही राहू नका. वजन झपाट्याने उतरलं तर यकृताची सूज वाढू शकते. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. पाच टक्के वजन कमी झालं की चरबी उतरू लागते, व्रण मागे हटायला साधारण दहा टक्के लागतात. ८० किलोच्या माणसाला म्हणजे आठ किलो.

'लिव्हर साफ करणारे' काढे मनाने घेऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद असेना का, कडक झालेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

आणि कृपा करून कोलेस्टेरॉलची गोळी "लिव्हरला जड" म्हणून परस्पर बंद करू नका. मामांनी केली होती. फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, त्यांना सहसा चालतं. पायांवर सूज, पोटात पाणी, डोळे पिवळे, काळी शौच किंवा बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.