कोच बदला म्हणायच्या आधी: हेड कोचचं खरं वजन कसं मोजायचं

जानेवारी 2020 संपता संपता इंडियन सुपर लीग (आयएसएल) या आपल्या फुटबॉल लीगमधल्या एफसी गोवाने हेड कोच सर्जिओ लोबेराला काढलं. 15 मॅचमध्ये 30 पॉइंट, टीम टेबलच्या वरच्या टोकाला, लीगच्या फक्त 3 मॅच उरलेल्या आणि कोच घरी. क्लिफर्ड मिरांडाने तात्पुरती जबाबदारी घेतली आणि गोवा उरलेल्या तिन्ही मॅच जिंकलं, हैदराबाद 4-1, मुंबई 5-2, जमशेदपूर 5-0, लीगच्या टेबलमध्ये पहिलं येणाऱ्याची शिल्ड गोव्याला. तेव्हा माझा एक मित्र म्हणाला, बघ, कोच असला काय नसला काय, खेळणारे खेळतात. पुढच्याच सीझनला लोबेरा मुंबई सिटीत आला आणि शिल्ड आणि लीगनंतरच्या बाद फेरीचा कप दोन्ही जिंकला, तेव्हा तोच मित्र म्हणायला लागला की कोच म्हणजेच सगळं. माझ्या मते तो दोन्ही वेळा चुकला. त्या वादानंतर मी एक साधी वही सुरू केली आणि कुठल्याही कोचबद्दल मत द्यायच्या आधी काही गोष्टी त्यात लिहून बघतो, तीच पद्धत इथे सांगतोय. गणित चौथीचं आहे, संयम मात्र लागतो.

सगळ्यात आधी पैसा बघायचा. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण टेबलमध्ये आपल्याला क्लबची नावं दिसतात, पगार दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये अनेक वर्षांचे आकडे लावून अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय की जो क्लब खेळाडूंना जास्त पगार देतो तो सरासरीने वर असतो, आणि हे नातं लांब पल्ल्यात फार घट्ट आहे. म्हणून पहिला प्रश्न, या स्क्वॉडने, म्हणजे क्लबकडे असलेल्या सगळ्या खेळाडूंच्या संचाने, कितवं यायला हवं होतं? पगाराचे आकडे मिळाले तर उत्तम, नाहीतर ट्रान्सफरमार्क्ट या वेबसाइटवर स्क्वॉडची किंमत असते, ती अंदाजाची असते पण क्रम लावायला पुरते. लीगमधले सगळे क्लब त्या क्रमाने लिहा, शेजारी खरा टेबल लिहा. चौथ्या किमतीचा स्क्वॉड चौथा आला तर कोचने आपलं काम केलं, त्याला शिव्याही नकोत आणि पुतळाही नको. नवव्या किमतीचा स्क्वॉड तिसरा आला तर मग खुर्ची पुढे ओढून नीट बघायचं. इंग्लंडच्या लीगमध्ये 2014-15 ला 14 वं आलेलं लेस्टर पुढच्या वर्षी क्लॉडिओ रानिएरीच्या हाताखाली 81 पॉइंट घेऊन चॅम्पियन झालं ते असं बघण्यासारखं, आणि त्याच रानिएरीला फेब्रुवारी 2017 मध्ये काढलं हेही तितकंच बघण्यासारखं.

दुसरी गोष्ट पॉइंटची सरासरी. "कोच बदलला आणि टीम सुधारली" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा त्यात एक गडबड असते. कोचला काढतात कधी? टीम तळाला गेल्यावर. म्हणजे सलग हरून, पोस्टला बॉल लागून, दोन मेन खेळाडू इंज्युर्ड होऊन जेव्हा सगळं वाईट एकदम घडलेलं असतं तेव्हा, आणि असं वाईट नशीब कायम टिकत नाही, त्यामुळे कोच तोच ठेवला असता तरी टीम थोडी वर आलीच असती. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या लीगचे 1986 ते 2004 चे आकडे घेऊन नेमकं हेच तपासलं, ज्या क्लबांनी घसरण झाल्यावर कोच काढला त्यांची गाठ तशीच घसरण होऊनही कोच न काढलेल्या क्लबांशी घातली, आणि दोन्हीकडे टीम जवळपास सारखीच सावरलेली निघाली. तापासारखं आहे हे, औषध घ्या न घ्या, बरेचसे ताप उतरतातच.

पण सगळेच नाही, म्हणून आकडा लिहायचा. 2019-20 च्या आयएसएलमध्ये चेन्नईयिनने जॉन ग्रेगरीच्या हाताखाली पहिल्या 6 मॅचमध्ये 5 पॉइंट घेतले, मग ओवेन कॉइल आला आणि पुढच्या 12 मॅचमध्ये 24 पॉइंट. भागाकार करा, मॅचला 0.83 वरून थेट 2. थोडी उसळी आपोआप आली असती हे मान्य, पण आधीच्या सीझनला तळाला राहिलेली टीम अख्ख्या 12 मॅच चॅम्पियनच्या वेगाने धावते तेव्हा ते निव्वळ नशीब म्हणणं मला पटत नाही. उलट गोव्याचं बघा, लोबेराच्या 15 मॅचमध्ये सरासरी 2 आणि मिरांडाच्या 3 मॅचमध्ये 3, पण तीन मॅच म्हणजे काहीच नाही, शिवाय बसवलेलं यंत्र आधीच फिरत होतं. पुढे कपच्या सेमीफायनलला हेच गोवा चेन्नईयिनकडून चेन्नईत 4-1 हरलं, घरी 4-2 जिंकलं आणि एकूण 6-5 ने बाहेर गेलं, समोरच्या बाकावर कॉइल होता. यावरूनही काही सिद्ध होत नाही, दोनच मॅच. माझा नियम असा की नव्या कोचच्या 10 मॅच होईपर्यंत वहीत फक्त आकडे लिहायचे, मत लिहायचं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची, कोचसोबत अजून काय काय बदललं त्याची यादी. लोबेरा मुंबईत एकटा नाही आला. मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू, मंदार राव देसाई, गोव्याच्या टीमचा कणाच त्याच्यासोबत आला, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतलेला होता. मग त्या दोन ट्रॉफ्यांमधलं कोचचं किती आणि पैशाचं किती? इथे लोक भांडतात, पण याला उत्तर शोधायची एक वाट आहे. खेळाडू तेच असताना आणि फक्त कोचने काहीतरी बदललं असताना काय झालं, असा एखादा तुकडा शोधायचा.

माझ्या पाहण्यातला असा सगळ्यात स्वच्छ तुकडा इंग्लंडच्या चेल्सीचा आहे. 2015-16 ला चेल्सी 10 वं आलं, 2016 च्या उन्हाळ्यात कोच अंतोनिओ काँते आला आणि सीझनअखेर क्लब चॅम्पियन. वरवर बघितलं तर सगळं काँतेचं. जरा खरवडलं तर दिसतं की त्याच उन्हाळ्यात लेस्टरहून एन्गोलो कांते हा मिडफिल्डर आला होता (कोच काँते वेगळा), आणि 10 वं आल्यामुळे युरोपच्या स्पर्धांच्या मॅच नव्हत्या म्हणजे आठवडाभर आराम आणि सराव. म्हणजे कोचचं श्रेय गेलं? नाही ना. सप्टेंबर अखेरीस आर्सेनलकडे चेल्सी 3-0 हरलं तेव्हा मिडफिल्डर कांतेही होता आणि आरामही होता. त्या मॅचमध्ये कोचने तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) लावायला सुरुवात केली, अस्पिलिक्वेटाला फुलबॅकवरून (कडेच्या बचावपटूच्या जागेवरून) आत आणलं, आणि पुढच्या मॅचपासून तीन वर्षं लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडे उसना, बाहेर फिरलेल्या व्हिक्टर मोझेसला उजवीकडची अख्खी पट्टी दिली. पुढच्या 13 लीग मॅच सलग जिंकल्या. खेळाडू तेच, आराम तोच, फक्त मांडणी बदलली. कोचची सही कशी दिसते असं कोणी विचारलं की मी हाच तुकडा दाखवतो.

आता डोळ्यांचं काम, आणि हे मला सगळ्यात जवळचं. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे पळतो त्यामुळे कोचचं काम निम्मं दिसतच नाही, स्टेडियममध्ये जा आणि शक्य तितक्या वरच्या पायरीवर बसा. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला, तिथे म्हातारी माणसं बॉलकडे बघायचीच नाहीत, "बॅक बघ, बॅक कुठं हुबा हाय बघ" म्हणायची, तेव्हा कळायचं नाही, आता कळतं. अंधेरीला मुंबई सिटीच्या मॅचला मी पहिली 15 मिनिटं हेच करतो. आपल्या गोलकीपरकडे बॉल आला की दोन सेंटर-बॅक कुठे जातात आणि त्यांच्यामध्ये कोण उतरतं? मिडफिल्डर जाहू असायचा तेव्हा तो रमतगमत खाली यायचा, त्याला उतरताना बघून दोन्ही फुलबॅक न बघता पुढे निघायचे, आणि पलीकडच्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, लालियानझुआला छांगते किंवा बिपिन सिंग लाइन धरून उभा असायचा कारण जाहूचा लांब तिरका बॉल तिथेच येणार हे त्याला ठाऊक असायचं. त्या पासचं कौशल्य जाहूचं. पण चार माणसं एकमेकांकडे न बघता एकाच वेळी हलली, ते सरावाच्या मैदानावर शेकडो वेळा घोटलेलं असतं आणि ते कोचचं.

दुसरं बघायचं बॉल गेल्यावर. बॉल हरवला की मनात पाच आकडे मोजा, त्या पाच सेकंदात टीम एकत्र तुटून पडते का, की एकत्र मागे पळते, की दोघं पुढे आणि तिघं मागे? पहिल्या दोन्हीत शिकवण आहे, तिसऱ्यात नाही. असं दहा वेळा मोजा आणि दोन-तीन मॅच मोजा. कॉर्नरवर पण लक्ष ठेवा, दोन्ही बाजूच्या, कारण तिथे निव्वळ तयारी दिसते. आणि 60 व्या मिनिटाच्या आसपास हरत असताना सब (बदली खेळाडू) कोण येतो, त्याने खेळाचा आकार बदलतो की नुसता दमलेल्याच्या जागी ताजा येतो. सब आल्यावर गोल झाला की नाही हे लिहू नका, त्यात नशीब फार.

खेळाडू सुधारले का हेही बघायचं, नुसते नवीन आलेले नाहीत तर आधीपासून असलेले किंवा दुसरीकडे रखडलेले. छांगते 2022 च्या जानेवारीत चेन्नईयिनहून मुंबईत आला तेव्हा वेग सगळ्यांना दिसत होता, शेवटचा पास आणि शेवटचा शॉट कुठेतरी हुकायचा. मुंबईचा कोच डेस बकिंगहॅमच्या हाताखाली 2022-23 ला आयएसएलमध्ये 10 गोल आणि एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. एकाच खेळाडूवरून ठरवू नका, पण स्क्वॉडमधले तीन-चार जण एका कोचकडे सुधारले आणि तो गेल्यावर थांबले तर ती मोठी खूण.

मग कोच क्लब बदलतो तेव्हा त्याच्या मागे जायचं. कॉइल चेन्नईयिनहून जमशेदपूरला गेला, पहिल्या सीझनला 6 वा, 2021-22 ला 43 पॉइंट आणि शिल्ड. दोन वेगळे क्लब, दोन वेगळे स्क्वॉड, दोन्हीकडे उडी, अशा माणसाच्या नावापुढे मी पेनाने लिहितो, पेन्सिलने नाही. आणि उलटंही करायचं, तो गेल्यावर क्लबचं काय झालं? मुंबईत लोबेरानंतर बकिंगहॅमने 2022-23 ला 46 पॉइंटांनी शिल्ड जिंकली, पुढच्या सीझनच्या मध्यात तो इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला गेला तर पेत्र क्रॅटकीने मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून कप आणला. तीन कोच आणि तिघांच्या हातात चांदी, म्हणजे क्लबच्या ऑफिसात कोणीतरी नीट माणसं निवडत होतं आणि त्याचं श्रेय कोणाही एका कोचला देता येत नाही. मँचेस्टर युनायटेडचं बरोबर उलटं. कोच अॅलेक्स फर्ग्युसनने 13 लीग जिंकून मे 2013 ला निरोप घेतला, त्याच उन्हाळ्यात व्यवहार बघणारा डेव्हिड गिलही गेला, आणि मग मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, एकापाठोपाठ एक येत गेले पण यांच्यापैकी कोणालाही लीग जिंकता आली नाही. इतकी माणसं एकाच खुर्चीत फसतात तेव्हा खुर्चीकडे बघायला हवं ना.

म्हणून शेवटचा रकाना, खेळाडू कोण विकत घेतं? कोच, स्पोर्टिंग डायरेक्टर की मालकाच्या जवळचा एजंट? कोचला नको असलेला स्ट्रायकर गळ्यात मारला आणि तो चालला नाही तर ते पाप कोचच्या खात्यात घालणं मला अन्याय वाटतो, आणि ते आपल्याकडे सर्रास होतं. पण मांडणी विस्कळीत आहे, बॉल गेल्यावर टीम फाटते, प्रत्येक कॉर्नरवर तीच चूक, तर तिथे बजेटची सबब मी ऐकून घेत नाही, कारण हे शिकवायला पैसे लागत नाहीत.

पुढच्या वेळी तुमच्या टीमला नवा कोच आला की वहीत एक पान करा. वर आधीच्या कोचची पॉइंटची सरासरी, खाली नव्याची, शेजारी समोर कोण होतं आणि मॅच घरची की बाहेरची, इंज्युर्ड कोण, नवीन कोण आलं, आणि दर मॅचला ते पाच सेकंद किती वेळा जमले. दहावी मॅच संपली की त्या रात्री बसून वाचा आणि मग ग्रुपवर लिहा काय लिहायचं ते.