कोकणातील वृद्धनिवासासाठी काळजीवाहक कसे तयार करावेत

मुले मुंबई-पुण्यात आणि आईवडील गावच्या घरात, ही स्थिती रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांना नवी नाही. अंथरुणाला खिळलेले नसले तरी अंघोळ, औषधे आणि चालणे यांसाठी ज्यांना कोणाचा तरी आधार लागतो, अशा वृद्धांसाठी निवास चालवणाऱ्यांपुढे पहिली अडचण येते ती माणसांची. शहरातून आणलेले कर्मचारी टिकतीलच असे नसते, म्हणून पंचक्रोशीतीलच स्त्री-पुरुषांना शिकवून तयार करणे अधिक व्यवहार्य ठरते. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चे (रुग्णसेवा सहायकाचे) प्रमाणपत्र असल्यास उत्तमच, परंतु निवासातील प्रत्यक्ष सरावाला ते पर्याय नव्हे.

घरी सासू-सासऱ्यांचे केलेल्या बाईच्या हाताला सेवेची सवय असते. तिला खरे शिकवायचे असते ते हात आवरणे. ज्या आजींना स्वतःचे केस विंचरता येतात, त्यांचे केस आपण विंचरून देऊ लागलो, तर थोड्याच दिवसांत ते त्यांना जमेनासे होते. म्हणून प्रत्येक वृद्धासाठी एक तक्ता करावा आणि कोणते काम ते स्वतः करतात, कोणत्या कामात नुसते जवळ उभे राहायचे आणि कोणत्या कामात हात लावायचा, हे त्यात स्पष्ट लिहावे. नातेवाईक भेटीला आले की ‘तुम्ही आईला स्वतःला करायला लावता’ अशी कुरकूर होते. तिला शांतपणे कसे उत्तर द्यावे, हेही प्रशिक्षणातच सांगावे.

सर्वाधिक वेळ उठवण्या-बसवण्याच्या सरावाला द्यावा, कारण वृद्धांचे पडणे आणि काळजीवाहकांची कंबरदुखी ही दोन्ही दुखणी येथूनच उद्भवतात. चाकाची खुर्ची वृद्धाच्या सशक्त बाजूला, पलंगाशी किंचित तिरकी लावावी, ब्रेक घट्ट करावेत आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर घ्याव्यात. वृद्धास प्रथम पलंगाच्या कडेला बसवून, तळवे जमिनीला टेकवून, एक-दोन मिनिटे थांबावे, कारण एकदम उठल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. नंतर समोर उभे राहून, गुडघे वाकवून आणि पाठ सरळ ठेवून, वृद्धाच्या कमरेला बांधलेल्या आधारपट्ट्याला धरावे आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत दोघांनी मिळून उठावे. काखेत हात घालून ओढू नये, आपल्या गळ्यात हात घालू देऊ नयेत आणि वळताना कंबर न पिळता पावले टाकून वळावे. शिकणाऱ्या प्रत्येकीला आधी स्वतः रुग्ण होऊन बसायला लावावे. घाईने उचलले जाताना काय वाटते, हे एकदा अनुभवले की पुढे फारसे सांगावे लागत नाही. अंगठ्या काढाव्यात. काचेच्या बांगड्यांबाबत सक्ती केल्यास बायका नाराज होतात, त्याऐवजी वृद्धांची पातळ झालेली त्वचा किती सहज सोलवटते, हे दाखवावे.

जेवणाच्या बाबतीत कोकणात दोन गोष्टी विशेष सांगाव्या लागतात. मासे दिल्याशिवाय अनेकांना जेवल्यासारखे वाटत नाही, म्हणून काटे उजेडात, बोटांनी चाचपून काढावेत. पेजेसारखा पातळ पदार्थ गिळायला सोपा दिसतो, पण ज्यांना गिळण्याचा त्रास आहे त्यांना पातळ पदार्थानेच अधिक ठसका लागतो. तो किती घट्ट असावा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. भरवताना वृद्ध ताठ बसलेला असावा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी त्याला आडवे करू नये. सुक्या मासळीतील मिठाचा रक्तदाबाशी असलेला संबंध स्वयंपाकघरातही सांगून ठेवावा.

पावसाळ्यात काखेत, मांड्यांत आणि स्तनांखाली ओल राहून बुरशी धरते. हे भाग न चोळता टिपून कोरडे करावेत. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांना सतत दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी आणि टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवाव्यात. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून माकडहाडाजवळचा भाग गरम किंवा कडक लागतो का, हे हाताने पाहण्याची सवय लावावी. वीज गेल्यावर विजेवर फुगणारी हवेची गादी बसते, तेव्हा काय करायचे याचा सराव पाऊस सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावा.

औषधाची मात्रा काळजीवाहकाने स्वतःहून बदलायची नाही, येथे अपवाद नाही. मधुमेही व्यक्ती घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागली, तर रक्तातील साखर तपासावी. ती दर डेसिलिटरला 70 मि.ग्रॅ.पेक्षा कमी भरली आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे 15 ग्रॅम साखर पाण्यातून देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध नसल्यास तोंडात काही न घालता 108 ला फोन करावा. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे दिसताच, व्यक्ती शेवटची धडधाकट कधी दिसली होती ती वेळ लिहून ठेवावी. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर त्यातील बराच वेळ प्रवासातच जातो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने तिन्हीसांजेला ‘घरी जाऊया’ असा हट्ट धरला, तर वाद घालू नये. त्याच्याच बोलीत, मग ती मालवणी असो वा संगमेश्वरी, घराची, आंब्याच्या कलमांची चौकशी करत पडवीत दोन फेऱ्या माराव्यात. हाक कशी मारावी, हे ज्याचे त्यालाच विचारावे. आयुष्यभर ‘गुरुजी’ म्हणून ओळखल्या गेलेल्यांना ‘आजोबा’ म्हटलेले रुचतेच असे नाही.

गणपती आणि शिमग्याला प्रत्येकीला घरी जायचे असते. तेव्हा किमान दोन जणींना एकमेकींच्या वृद्धांची कामे आधीपासून शिकवून ठेवावीत आणि सणाच्या सुट्टीच्या पाळ्या श्रावण लागण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवून भिंतीवर लावाव्यात.