बागेतल्या लोरा सेन्सरसाठी अँटेना कसा निवडावा, कसा तपासावा

दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत ओलावा मोजणारा लोरा सेन्सर (कमी ताकदीच्या रेडिओ लहरींवर लांबवर मेसेज पाठवणारा) बसवला आणि घराच्या गच्चीवरच्या गेटवेला, म्हणजे ते मेसेज पकडणाऱ्या डब्याला, त्याचं काही ऐकूच येईना, की माणूस आधी मोठा अँटेना शोधायला लागतो. जरा थांबा.

पहिल्यांदा फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतं. बाजारात ४३३ आणि ९१५ चेही मिळतात, सगळे दिसायला सारखेच काळे दांडके. '८६८' छापलेला एक मी घेतला होता; मोजला तर गडी ९१५ वर खूश! कनेक्टरही पाहून घ्या. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जातींच्या कनेक्टरचे आटे एकमेकांत बसतात, पण दोन्हीकडे मधे भोकच आलं तर जोड लागत नाही.

आता मोजणी. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) ८०० ते ९५० मेगाहर्ट्झवर लावा, त्याच्यासोबतच्या ओपन, शॉर्ट, लोड या तीन टोप्यांनी कॅलिब्रेट करा. अँटेना हातात न धरता उभा ठेवा. ८६६ च्या आसपास एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) २ च्या आत आला की पुरे; २ ला जेमतेम ११ टक्के ताकद परत फिरते. घरी तारेचा करत असाल तर ९ सेंटिमीटरपासून सुरू करून मिलिमीटर-मिलिमीटर छाटा. दर मिलिमीटरला आलेखातली दरी (जिथे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी) साधारण १० मेगाहर्ट्झ वर सरकते, म्हणून घाई नको.

पण एसडब्ल्यूआरवर भाळू नका. ती लोडची टोपीसुद्धा १ दाखवते, म्हणून ती काय अँटेना झाली? खरी परीक्षा बागेतच. सेन्सर, जागा, उंची तीच ठेवून प्रत्येक अँटेनाने वीस-वीस मेसेज पाठवा, गेटवेवरचे आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) वहीत उतरवा. अँटेना मांडवाच्या तारांच्या वर काढून एकदा, खाली ठेवून एकदा. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या उघड्या बागेतले आकडे फसवे असतात. पानं भरली की पुन्हा मोजा.

गच्चीवर आरजी-१७४ सारखी बारीक केबल दहा मीटर ओढू नका. मीटरला जवळपास १ डेसिबल जातो, म्हणजे दहा मीटरमध्ये दहातली नऊ हिस्से ताकद केबलच गिळते. गेटवेचा डबाच वर न्या. आणि अँटेना बदलताना डबा बंद करा. अँटेनाशिवाय ट्रान्समिट झालं तर चिप जळू शकते.