शरीररचना शिकताना या चुका टाळा: उजवं-डावं पेशंटचं धरा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते. दरवर्षी मुली नव्या येतात, चुका त्याच. सर्वांत महागात पडणारी आधी सांगते.

वॉर्डात एका आजींचं उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूला गरम तेलाने भाजलं होतं. विद्यार्थिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने नोंद केली, ‘डावं मनगट, मीडियल बाजू’, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडची. एका ओळीत दोन चुका. समोरून पाहताना आजींची उजवी बाजू तिच्या डाव्या हाताला आली. शिवाय हात पालथा होता, अंगठा अंगाकडे वळलेला, म्हणून तिला ती आतली बाजू वाटली. रात्रपाळीच्या सिस्टरना पट्टी उजव्या हाताला दिसली, नोंद डाव्याची. एखादी जखम नजरेतून सुटली असेल म्हणून त्यांनी डावा हात तपासला आणि खात्रीसाठी उजवी पट्टी सोडली. गॉज जखमेला चिकटली होती. ती भिजवून सुटेपर्यंत आजी माझा हात घट्ट धरून होत्या.

पेशंट कुशीवर असो वा पालथा, वर्णन एकाच स्थितीतून करायचं: माणूस ताठ उभा, चेहरा समोर, तळवे पुढे. मग अंगठा मधल्या रेषेपासून लांब जातो, म्हणजे लॅटरल; करंगळी मीडियल. मी आजही लिहिण्याआधी स्वतःचा तळवा पुढे करून बघते. आणि मुलींना सांगते, गाडी चर्चगेटला जात असो की विरारला, दादर पश्चिम पश्चिमेलाच असतं. पेशंटचं उजवंही तसंच, तुम्ही कुठेही उभ्या राहा.

‘पाय दुखतो’ एवढंच लिहून सोडू नका. आपल्या बोलीत मांडी, पोटरी, पाऊल सगळं पायात येतं. नोंदीत ते वेगळं हवं. ‘पोट’ म्हणजे जठर नव्हे.

प्रॉक्झिमल (धडाजवळचं) आणि डिस्टल (धडापासून लांबचं) हातापायांना लावताना धडाकडून मोजा: कोपर मनगटापेक्षा प्रॉक्झिमल.

उजवं मूत्रपिंड यकृतामुळे जरा खाली असतं; दोन्ही एका रेषेत काढू नका.

लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर आठ मनगटी हाडांचं सूत्र घोकणाऱ्या मुली मला दिसतात. हाड हातात घेतल्याशिवाय ते सूत्र परीक्षेपलीकडे टिकत नाही. घाई असेल तर चारच हाडं करा, पण बोटांनी चाचपून.

शेवटची चूक शाळेतून येते: ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’. हे पुसून टाका. हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. फुप्फुसाच्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं. पुढे प्रसूतिशास्त्रात नाळ शिकाल: दोन धमन्या बाळाकडून वारेकडे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेतात, एक शीर ऑक्सिजन असलेलं घेऊन येते. जुनी व्याख्या धरून बसलेल्या मुली तिथे पुन्हा अडतात.